'अवतार'चा सगळ्यात नावडता भाग : 'द ग्रेट डिव्हाइड'मध्ये नेमकं बिनसलं कुठे?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. लेकाबरोबर 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका पहिल्यापासून बघतेय. तो चौथीत आहे. परवा पहिल्या पर्वातला अकरावा भाग झाला, 'द ग्रेट डिव्हाइड'. या मालिकेच्या चाहत्यांना विचारलं तर ६१ भागांमधला सगळ्यात टाकाऊ म्हणून बहुतेक जण याच भागाकडे बोट दाखवतात. 'तो गाळा आणि पुढे चला' असा सल्ला मलाही मिळाला होता. मी गाळला नाही. भाग फसलाय हे बघितल्यावर पटलं, पण लोक त्याचं जे कारण देतात ते काही पटलं नाही. म्हणून हा धागा.

(पुढे शेवटासकट सगळं लिहिलंय. बघायचा असेल तर आधी बघून या.)

कथा थोडक्यात. मालिकेच्या जगात काही माणसं पाणी, माती, आग किंवा हवा यांपैकी एक तत्त्व हलवू शकतात, आणि 'अवतार' चारही. हवाई भटक्यांतला मुलगा आंग हा तो अवतार. तो आणि त्याचे सोबती कटारा आणि सोका ही भावंडं एका अवाढव्य दरीपाशी येतात. आग राष्ट्राने छेडलेल्या युद्धामुळे घरदार सोडून निघालेल्या दोन टोळ्या तिथे थांबल्यात. दोघींनाही बा सिंग से या तटबंदीच्या शहरात आसऱ्याला जायचंय. गान जिन टोळी टापटिपीची, झांग टोळी अघळपघळ. वैर शंभर वर्षांचं. गान जिन म्हणतात, आमचा पूर्वज जिन वेई पवित्र गोल घेऊन विधीसाठी निघाला होता, झांगांच्या वेई जिनने त्याला लुबाडलं. झांग म्हणतात, जिन वेई वाटेत कोसळला होता, त्याच्याच विनंतीवरून वेई जिनने तो गोल पोचवायला घेतला, आणि गान जिनांनी त्यालाच चोर ठरवून वीस वर्षं कैदेत टाकलं. दरीत अन्न न्यायचं नाही, असं वाटाड्याने सक्त बजावलंय, कारण वासाने तिथले हिंस्र प्राणी येतात. दोन्ही टोळ्या चोरून अन्न नेतात, प्राणी येतात, सगळे मिळून कसेबसे दरीबाहेर पडतात. बाहेर आल्यावर पुन्हा तलवारी उपसल्या जातात. तेव्हा आंग सांगतो की मी या दोघांना ओळखत होतो. ते जुळे भाऊ होते, आठ वर्षांचे. तो गोल म्हणजे त्यांचा खेळायचा चेंडू, आणि ती कैद म्हणजे नियम मोडला म्हणून दोन मिनिटं खेळाबाहेर बसणं. वैर मिटतं. टोळ्या एकत्र वाटेला लागल्यावर आंग मित्रांना सांगतो की हे सगळं मी रचलं. हे बरोबर नाही असं एक वाक्य येतं, आंग खाण्याचा विषय काढतो, आणि भाग संपतो.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

सुरुवातीला कटारा आणि सोका मुक्कामाच्या जागी भांडतात. तिला राहुटीवर कापड घालायचंय. तो म्हणतो, कोरडा ऋतू आहे, कशाला? पुढे दरीत रात्र पडते तेव्हा गान जिन टोळी काटेकोर राहुट्या ठोकते आणि झांग म्हणतात, कोरडा ऋतू आहे, कशाला! सोकाला झांगांची बाजू पटू लागते, कटाराला गान जिनांची. दोघं ऐकायला गेले आणि नकळत वकील होऊन परतले. आपण एखाद्याची बाजू घेतो ती पुराव्यावरून की तो आपल्यासारखा वागतो म्हणून, हे मुलांच्या मालिकेत इतक्या सहज दाखवलेलं मी क्वचितच पाहिलंय.

दुसरं, अन्न चोरून आणण्यामागचं कारण. प्रत्येक टोळीला खात्री आहे की समोरचे नियम मोडणारच, मग आपणच उपाशी का राहायचं? दोन्हीकडे हाच विचार, आणि त्यामुळेच सगळ्यांवर संकट. अविश्वास कसा वाढत जातो याचं याहून सोपं आणि खरं चित्र दहा वर्षांच्या मुलासाठी काढणं कठीण आहे.

आता फसलं कुठे. लोक म्हणतात, हा भरतीचा भाग आहे, आंगच्या मागावर असलेला आग राष्ट्राचा राजपुत्र झुको नाही, त्याचा काका आयरो नाही, मुख्य कथा इंचभर पुढे सरकत नाही. खरं आहे. पण याच मालिकेत दुसऱ्या पर्वात 'द टेल्स ऑफ बा सिंग से' आहे. त्यातही मुख्य कथा जवळपास जागच्या जागी राहते, आणि त्यातली आयरोची गोष्ट बघून रडला नाही असा प्रेक्षक मला भेटायचाय. तेव्हा 'भरतीचा' हा दोष होऊच शकत नाही.

माझ्या मते दोष शेवटात आहे. आंगने खोटं सांगितलं एवढ्यापुरता नाही. शंभर वर्षांपूर्वी काय घडलं हे सांगू शकेल असा जगात जवळजवळ तो एकटाच आहे. बर्फात गोठून राहिल्यामुळे तो ११२ वर्षांचा आहे, म्हणून तर टोळ्या त्याच्यावर लगेच विश्वास ठेवतात. त्याने आपली साक्षच खोटी केली, आणि मालिकेने त्यावर हसून पडदा पाडला. एका टोळीच्या म्हणण्याप्रमाणे एक माणूस वीस वर्षं विनाकारण तुरुंगात होता. त्याचं काय झालं? तो होता की नव्हता?

लेकाने नेमकं हेच विचारलं. "मग खरं कोण बोलत होतं?" मी म्हटलं, सांगितलंच नाहीये. त्याला राग आला, आणि मला तो राग योग्य वाटतो.

तुम्हाला काय वाटतं?

डोंगरवाट

धागा आवडला. मी आंगच्या बाजूने.

तलवारी उपसल्या होत्या. दोन्हीकडे बायका-मुलं, मागे आग राष्ट्राची फौज, पुढे लांबचा प्रवास. वाटाड्याचे दोन्ही हात मोडलेले, तो माती हलवून मदत करू शकत नाही. अशा वेळी बारा वर्षांच्या पोराने (वय ११२ असलं तरी जगलाय तो बाराच वर्षं) शंभर वर्षांपूर्वीचा खटला चालवायचा का? त्याला खरं काय ते माहीतच नव्हतं. पर्याय दोनच होते, रक्त किंवा थाप. त्याने थाप निवडली आणि कुणी मेलं नाही.

अनुजा_सोलापूर

कथेतली एक मोठी फट कुणी सांगितली नाही अजून. दोन्ही टोळ्यांतल्या आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना अप्पा, म्हणजे आंगचा उडणारा गवा, हवेतून पलीकडे नेतो. मग तोच अप्पा परत येऊन बाकीच्यांना खेपा करून का नेत नाही? एवढी दरी पायी तुडवायचं कारणच उरत नाही. लहान मुलांना हे लगेच दिसतं. माझ्या भाचीने पाचव्या मिनिटाला विचारलं.

मृण्मयी_क

अनुजा, हो! एका वाक्याने बुजवता आली असती ती फट. अप्पा थकलाय, बस्स.

डोंगरवाट, त्या क्षणापुरतं तुमचं म्हणणं मान्य. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या मिनिटाला आहे. संकट टळलंय, टोळ्या निघून गेल्यात, आता मित्रांसमोर आंगला जरासं तरी टोचायला हवं होतं. 'मी केलं ते बरोबर का?' एवढा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसला असता तरी हा भाग वेगळा झाला असता.

रेषा_आणि_रंग

मी ॲनिमेशनमध्ये काम करते, तेव्हा एक बाजू माझ्याकडून.

या भागात तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि तिन्हींची चित्रशैली मालिकेच्या नेहमीच्या शैलीपेक्षा वेगळी आहे. हे बघताना सहज निघून जातं, पण करणाऱ्यांसाठी ते फार महागडं काम असतं. मालिकेत प्रत्येक पात्राचा नमुना-तक्ता एकदा बनतो (समोरून, बाजूने, मागून, हावभाव वगैरे) आणि मग कितीतरी चित्रकार त्यावरून हजारो चित्रं काढतात. ही मालिका हाताने रेखाटलेली, प्रत्यक्ष ॲनिमेशन दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत झालं. तिथे अमेरिकेतून तक्ते आणि स्टोरीबोर्ड जायचे. एका मिनिटाच्या आठवणीसाठी शैली बदलायची म्हणजे तोच माणूस नव्याने घडवायचा, नवे तक्ते, नव्या रंगसंगती, आणि हे सगळं पुन्हा कधीच वापरलं जाणार नाही. वेळापत्रकात हे बसवायला निर्मात्यांना पटवावं लागतं.

आणि ते नुसतं सजावटीसाठी नाही. कोण सांगतंय यावर चित्र ठरतं. प्रत्येक टोळीच्या गोष्टीत आपला पूर्वज देखणा आणि उदात्त. तोच माणूस समोरच्यांच्या गोष्टीत खुनशी. 'सांगणारा बदलला की माणूस बदलतो' हे संवादात एकदाही न सांगता चित्रातून कळतं. दिग्दर्शक जियानकार्लो व्होल्पी. इतकं सुंदर साधन हाती असताना शेवटची, आंगची गोष्टही त्याच पद्धतीने रंगवली. म्हणजे चित्रच आपल्याला सुचवत होतं की हीसुद्धा एका माणसाने सांगितलेली गोष्ट आहे, खरी मानू नका. पटकथेने त्याच्यापुढे काही केलं नाही याचं मला वाईट वाटतं.

समीर_जर्सी

मी हा भाग लहानपणी इथे अमेरिकेत टीव्हीवर लागला तेव्हाच बघितला होता. २० मे २००५, शुक्रवार. आज भाग एकामागून एक बघणाऱ्यांना त्यातली निराशा कळायची नाही. त्याआधी ६ मे रोजी 'जेट' लागला होता, आणि तो भाग आम्हा मुलांना हादरवून गेला होता. आग राष्ट्राशी लढणारा, सगळ्यांचा लाडका पोरगा गावच्या गाव पाण्यात बुडवायला निघतो, त्यात निरपराध माणसं असली तरी. दोन आठवडे आम्ही शाळेत त्यावर बोलत होतो. आता पुढे काय, म्हणून टीव्हीसमोर बसलो तर राहुटीवरून भांडण आणि एक नीटनेटकी टोळी, एक गबाळी टोळी. टोळीतल्या एकाही जित्या माणसाचं नाव आपल्याला लक्षात राहत नाही. नावं फक्त मेलेल्या पूर्वजांची.

परत दोन आठवडे थांबलो. ३ जूनला 'द स्टॉर्म' लागला. आंग मंदिरातून का पळाला आणि झुकोच्या चेहऱ्यावरचा व्रण कसा आला, ते त्यात कळतं. ज्याने तो बघितलाय त्याला सांगायला नको. दोन्ही बाजूंना असे भाग असल्यामुळे 'ग्रेट डिव्हाइड' आहे त्याहून खुजा दिसतो.

मृण्मयीताई, आणि 'जेट'मुळे तुमचा मुद्दा आणखी पक्का होतो. जेटने कटाराला खोटं सांगूनच जलाशय भरून घेतलेला असतो. वणव्यासाठी पाणी हवं म्हणून. ते कळल्यावर तिला किती लागतं! आणि पुढच्याच भागात तिचाच मित्र शेकडो लोकांना खोटं सांगतो तेव्हा विषय एका वाक्यात संपतो. लेखक जॉन ओब्रायन, पण दोष एकट्या लेखकाचा धरू नये. अशा मालिकांच्या लेखनकक्षात सगळे मिळून कथा ठरवतात, आणि एकाने तरी 'परवाच काय झालं होतं?' हे विचारायला हवं होतं.

खानोलकर_आजी

माझी नातवंडं बघतात म्हणून मीही बघितली आहे ही मालिका, पूर्ण. फार आवडली.

डोंगरवाट, तुम्ही म्हणता तशी वेळ आपल्याकडे युधिष्ठिरावर आली होती. द्रोण आवरत नव्हते, पांडवसेना कापली जात होती. 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. व्यास युधिष्ठिराला तिथे बोल लावत बसले नाहीत, पण सोडलंही नाही. त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. आणि पार शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, त्याला नरक बघावा लागतो. इंद्र सांगतो की तू द्रोणांना कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटाने नरक दाखवला.

खोटं बोलावं लागलं ही गोष्ट वेगळी आणि ते फुकटात पचलं ही वेगळी. आंगचा रथ काही खाली आला नाही, माझं म्हणणं एवढंच. मुलांना खोट्याची गोष्ट सांगायला माझी मुळीच हरकत नाही.

डोंगरवाट

आजी, तुमच्या मुद्द्यावर मला विचार करावा लागेल. फरक एक आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने माणूस मेला. आंगच्या थापेने माणसं वाचली. दोघांना एकच शिक्षा कशी?

खानोलकर_आजी

शिक्षा नको रे बाळा. ओझं हवं.

बांधावरून

मी गावाकडचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. बांधाच्या भांडणात वाढलोय. आमच्या शेजारच्या दोन घरांचा वाद माझ्या आज्याच्या आधीपासूनचा. त्या घराचं म्हणणं ह्यांनी बांध कोरला, ह्यांचं म्हणणं त्यांनी विहिरीची वाट अडवली. दोन्ही घरांतल्या पोरांना दोन वेगवेगळ्या गोष्टी पाठ, अगदी गान जिन आणि झांगांसारख्या. म्हणून हा भाग बघताना मी सरसावून बसलो होतो.

२००७ साली सरकारने तंटामुक्त गाव मोहीम आणली तेव्हा गावात समिती झाली, आणि अशा वादांना हात घातला गेला. मोठी माणसं बसली, चहापाणी झालं, 'जुनं विसरा' म्हणून झालं. दोन्ही घरं मान डोलावून उठली आणि पेरणीला परत तेच. वाद मिटला तो सरकारी मोजणी आणल्यावर. मोजणीदाराने खुणा घातल्या, दोन्ही घरांचं थोडं थोडं चुकलेलं निघालं, दोघांनी बघितलं, समितीसमोर लिहून दिलं. आज त्यांच्यात लग्नाची पत्रिका जाते-येते.

उद्या कुणी सांगितलं असतं की तुमचे आजे भांडलेच नव्हते, विटीदांडू खेळत होते, तर लोक त्या वेळी हसले असते. पण ज्या घराची वाट खरोखर अडवली होती त्यांच्या म्हातारीला ते आतून किती लागलं असतं! तिच्या सासऱ्याने भोगलं ते खोटं ठरवायचं? झांगांचा वेई जिन खरंच वीस वर्षं आत असेल तर आंगने त्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा आत टाकलं.

अनुजा_सोलापूर

बांधावरून, +१०००.

आणि मोजणी या भागात होती की! अन्न. आदल्या रात्री दोन्ही टोळ्यांनी नियम मोडला हे उघड झालंय, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शंभर वर्षांपूर्वीचं कुणालाच सिद्ध करता येणार नाही, पण काल रात्री दोघंही सारखेच चुकले याला शंभर साक्षीदार आहेत. मग दोन्ही टोळ्या त्याच अन्नाच्या पिशव्या प्राण्यांच्या तोंडावर बांधून, त्यांच्यावर स्वार होऊन दरी चढतात. एकमेकांना मदत करत. इथेच शेवट तयार होता. 'ज्या माणसांबद्दल तुम्ही सकाळपर्यंत हे समजत होता, त्यांनी आत्ता तुमचा जीव वाचवला' एवढं आंगने म्हटलं असतं तरी पुरे होतं. पटकथेने हा सगळा माल जमवला आणि ऐन वेळी बाजूला ठेवून दिला.

मृण्मयी_क

हे फार नेमकं सांगितलंस. आणि वर चढून आल्यावर दोन्ही प्रमुख क्षणभर निवळतातही. आपण तसे फार वेगळे नाही, असं बोलणं होतं, आणि लगेच येतं की इतिहास काही नव्याने लिहिता येत नाही ना. मग तलवारी. आंग पुढे जे करतो ते म्हणजे शब्दशः इतिहास नव्याने लिहिणं. हे वाक्य लेखकाने जाणून घातलंय यात मला शंका नाही, आणि म्हणूनच वाटतं की कुठेतरी त्यांना प्रश्न दिसला होता.

इतिहासाची_वही

उशिरा आलो, पण हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

तिसऱ्या पर्वातला दुसरा भाग आठवा, 'द हेडबँड'. आंग वेश बदलून आग राष्ट्राच्या शाळेत बसतो. शिक्षिका प्रश्न विचारतात, अग्निराज सोझिनने हवा राष्ट्राच्या सैन्याशी लढाई कधी केली? आंग म्हणतो, हवाई भटक्यांकडे सैन्य नव्हतंच, सोझिनने बेसावध गाठून मारलं. त्यावर त्या म्हणतात की राष्ट्रीय इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तुला जास्त कसं माहीत, शंभर वर्षांपूर्वी तू तिथे असल्याशिवाय?

हा प्रसंग 'ग्रेट डिव्हाइड'च्या शेजारी ठेवून बघा. आंगच्या सगळ्या माणसांचा संहार झाला आणि त्या संहाराला पुस्तकांनी 'लढाई' म्हटलं. ज्याचं सगळं गोत खोट्या इतिहासाखाली गाडलं गेलं, त्यानेच पहिल्या पर्वात दुसऱ्यांचा इतिहास एका थापेखाली गाडला. तिथेही 'मी होतो' या जोरावर.

आणि त्या टोळ्या कुठे चालल्या होत्या? बा सिंग सेला! दुसऱ्या पर्वात आपण तिथे पोचतो तेव्हा कळतं की त्या शहरात युद्ध चालू आहे असं म्हणायचीही बंदी आहे. लाँग फेंग आणि त्याचे दाय ली हेर शांतता टिकावी म्हणून सगळ्या शहराला खोटं सांगतात, आणि मालिका त्यांना खलनायक म्हणून उभं करते. 'लोकांच्या भल्यासाठी खोटं' हा लाँग फेंगचा युक्तिवाद आहे. पहिल्या पर्वात तोच युक्तिवाद आपल्या नायकाचा होता आणि तिथे तो मजेत खपला.

पुढे जे इतकं खोल गेलं त्याचं बीज याच भागात पडलेलं होतं. ते कुणी ओळखलं नाही, आणि नंतर एकदाही मागे वळून बघितलं नाही.

समीर_जर्सी

मागे वळून बघितलं, पण थट्टेसाठी. तिसऱ्या पर्वातल्या 'द एम्बर आयलंड प्लेयर्स'मध्ये नाटक मंडळी आंगच्या प्रवासावर नाटक करतात. रंगमंचावरचे आंग आणि मंडळी ग्रेट डिव्हाइडपाशी येतात, आणि न थांबता पुढे उडून जातात. त्याही भागाचा दिग्दर्शक व्होल्पीच. सगळे चाहते त्या जागी खळखळून हसले. आज इतिहासाची_वही यांचं वाचून वाटतंय की त्या जागी हसण्यापेक्षा मोठी संधी होती.

टॉफची_चाहती

सगळं वाचलं. मला एक वेगळी बाजू मांडायची आहे.

तुम्ही सगळे म्हणताय की आंगने असं करणं मालिकेच्या विरोधात जातं. मला वाटतं ते आंगच्या स्वभावाला धरूनच आहे. तो समोरासमोर भिडणं टाळतो. 'द स्टॉर्म'मध्ये कळतं की अवतार असल्याचं ओझं नको म्हणून तो पळाला. दुसऱ्या पर्वात 'बिटर वर्क' भागात टॉफ त्याला पृथ्वीतत्त्व शिकवते. समोरून दगड गडगडत येतो, आणि आंग ऐन वेळी उडी मारून बाजूला होतो. टॉफ त्याच्यावर चिडते ती यामुळेच. इथे काही युक्ती नाही, आडवाट नाही, दगडासमोर पाय रोवून उभा राहा. हवेचा माणूस वळसा घालून जातो, त्याला ते लवकर जमत नाही.

'ग्रेट डिव्हाइड'मध्ये त्याने हेच केलं. समोरून वैराचा दगड आला आणि त्याने वळसा घातला. ही त्याची खोड आहे, आणि ती इतक्या लवकर दाखवली हे मला आवडतं. माझी तक्रार एवढीच की पटकथेने खोडीला बक्षीस दिलं. तीच घटना त्याची उणीव म्हणून दाखवली असती तर 'बिटर वर्क'पर्यंत सरळ धागा गेला असता, आणि कुणीही याला भरतीचा भाग म्हटलं नसतं.

रेषा_आणि_रंग

टॉफची_चाहती, वा. त्यासाठी एक चित्रसुद्धा पुरलं असतं. शेवटी टोळ्या जाताना आंगचा चेहरा दोन सेकंद धरून ठेवायचा. संवादही नको.

निशिगंध_२

इतक्या लहान मुलांच्या मालिकेवर एवढा विचार करायची गरज आहे का, असं कुणी म्हणायच्या आत सांगते: आहे. माझ्या मुलीने आठव्या वर्षी जे बघितलं ते तिला अठराव्या वर्षी आठवतं, शाळेचं काही आठवत नाही.

मृण्मयी, तुझ्यासाठी एक व्यवहारातली सूचना. अकरावा आणि बारावा भाग लागोपाठ दाखव, मध्ये दिवस जाऊ देऊ नकोस. अकराव्यात आंग मजेत निसटतो, बाराव्यात त्याचं पळणं त्याला किती महागात पडलं ते दिसतं. दोन्ही मिळून लेकाला तू काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा आंग गोष्ट सांगून संपवतो तिथे थांबवून लेकाला विचार, तुला ही गोष्ट खरी वाटते का. मुलं चित्र बघून ओळखतात. माझ्या मुलीने ओळखलं होतं, जिन वेई आणि वेई जिन ही नावं ऐकूनच तिला संशय आला होता.

मृण्मयी_क

निशिगंध, बारावा कालच बघितला, आणि लेक मधेच म्हणाला, "आंगला आता खोटं बोलता येत नाहीये." मासे पकडणारा म्हातारा त्याला सुनावतो आणि मग वादळात, कटारासमोर, जुनं सगळं बाहेर येतं त्या जागी. मी काहीच विचारलं नव्हतं.

'हेडबँड'पर्यंत पोचलो की अकरावा पुन्हा लावणार आहे. शाळेतला तो प्रसंग बघितल्यावर त्याला काय वाटतं ते बघायचंय. जाता जाता विचारते, तिसऱ्या पर्वातला 'द सदर्न रेडर्स' नऊ-दहा वर्षांच्या मुलाला झेपेल का? कटारा आईच्या मारेकऱ्याला शोधायला निघते तो.

इतिहासाची_वही

झेपेल, सोबत बसा मात्र. आणि नक्की दाखवा. त्यात कटारा त्या माणसाला मारत नाही, माफही करत नाही. 'ग्रेट डिव्हाइड'ने जो प्रश्न टाळला त्याच्यासमोर ती पाय रोवून उभी राहते.

डोंगरवाट

आजींचं ओझ्याचं म्हणणं मी मान्य केलंय, तेवढं मालिकेने दाखवायला हवं होतं. पण थाप मारायलाच नको होती हे मी मान्य करणार नाही. त्या टोळ्या बा सिंग सेला पोचल्या असतील तर निर्वासितांच्या खालच्या वस्तीत दाटीवाटीने, भिंतीला भिंत लावून राहिल्या असतील. शंभर वर्षांचं वैर घेऊन तिथे गेल्या असत्या तर काय झालं असतं याचाही विचार करा.

बांधावरून

केला. कधीतरी त्या वस्तीत एखादी झांग म्हातारी म्हणणार, माझा आजा वेई जिनला तुरुंगात भाकरी पोचवायला जायचा, मला त्याने स्वतः सांगितलंय. तेव्हा काय करायचं ते सांगा.

डोंगरवाट

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण थाप मारली नसती तर ती म्हातारी हे सांगायला जिवंत पोचली असती का, ते तुम्ही सांगा.